आरशातली खिट्टी

ट्रॉलीने मागून रेटलं, तेव्हा थोरल्याला आधी वाटलं की आपलाच पाय ब्रेकवरून सरकला. त्याने पुन्हा करकचून दाबला. गाडी थांबू बघत होती, पण फरशांनी भरलेली जुनी ट्रॉली उतारावर तिला ढकलतच होती. शेजारी बसलेली बायको एवढंच म्हणाली, "अहो, पुढे वळण आहे." त्याने गाडी कडेच्या वाळूच्या ढिगात घातली. जीव वाचले. बायकोचं मनगट मुरगळलं आणि निम्म्या फरशांचा चुरा झाला.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली आणि धाकट्या भावाला घेऊन तो फिटरच्या शेडमध्ये शिरला तो तोंडाचा पट्टा सोडूनच. ट्रॉलीचे ब्रेक दोन महिन्यांपूर्वी या फिटरनेच नवे बसवले होते. दोस्ती तीस वर्षांची.

"माझी बायको मारली असतीस तू काल!"

"दादा, मी म्हणत नव्हतो?" धाकट्याने री ओढली. "फिटरकाकांचे हात आता थरथरतात."

"झालं तुम्हा दोघांचं?" फिटर म्हणाला. "आता जरा ट्रॉलीलाही बोलू द्या." पोतं अंथरून तो खाली सरकला.

त्या ट्रॉलीचे ब्रेक साधे होते. पुढची गाडी थांबू लागली की ट्रॉली तिच्यावर रेलते, जोडाचा दांडा आत सरकतो आणि त्या दाबानेच ट्रॉलीची चाकं आवळली जातात. पण गाडी मागे घेतानाही दांडा सरकतो आणि ट्रॉली जागची हलत नाही. म्हणून मागे घेण्यापुरती दांड्यात एक खिट्टी अडकवायची, म्हणजे तो सरकत नाही आणि ब्रेक लागत नाहीत; मग काढायची. ते काम धाकट्याचं. अकरा वर्षांची रीत ठरलेली: धाकट्याने काढलेली खिट्टी हात वर करून दाखवायची, थोरल्याने ती आरशात बघायची, मगच गाडी पुढे. काल सकाळीही त्याने ती बघितली होती.

"ये खाली," फिटरने हाक मारली. "गुडघे कुरकुरले तरी ये."

थोरला आडवा झाला. बॅटरीच्या उजेडात दिसलं, खिट्टी दांड्यातच होती. वेल्डिंगने पक्की चिकटवलेली, वरून ग्रीस फासलेलं.

"ब्रेक माझे ठणठणीत आहेत. पण पैलवानाचे हातपाय बांधले तर तो बिचारा काय करणार?"

थोरल्याने अंगठ्याने ग्रीस पुसलं. वेल्डिंगचा टाका शेवटी डावीकडे वळला होता, विळ्यासारखा. डावखुऱ्या धाकट्याला वेल्डिंग त्यानेच हाताला धरून शिकवलं होतं. त्या विळ्यावरून शंभरदा टोकलंही होतं.

तो बाहेर आला. धाकटा पान्यांच्या खोक्यात हात घालून काहीतरी शोधत होता. हरवलं काहीच नव्हतं.

"किती दिवस?"

"दादा, भोक झिजलं होतं. खिट्टी मधेच निसटायची, मग तू शिव्या घालायचास. म्हटलं, एकदाची बसवून टाकू. सांगणारच होतो."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. उताराची खेप कालचीच होती, दादा."

"मग आरशात काय दाखवत होतास?"

धाकट्याने खिशातून खिट्टी काढली. नवी कोरी, रंगही न उडालेली.

वेल्डिंगचं थोरल्याने सोसलं असतं. आळस कुणाला चुकलाय! पण रोज खाली उतरायचं, वाकल्यासारखं करायचं आणि खोटा हात वर करायचा? काल वहिनीच्या मनगटाला पट्टीही यानेच बांधली, फिटरच्या नावाने बोटं मोडत. सहा वर्षांचा होता तेव्हापासून तिच्या हातचं जेवलेला.

"चुकलो, लेका," थोरला फिटरला म्हणाला.

"ते राहू दे. ग्राइंडर धर."

टाका कापला, भोक नीट केलं. दुपारी ट्रॉली शेडबाहेर काढायची म्हणून जरा मागे घ्यावी लागली. धाकटा न सांगता उतरला. काम झाल्यावर त्याने खिट्टी काढून हात उंच धरला, नेहमीपेक्षाही उंच. थोरल्याने आरशात बघितलं. मग इंजिन बंद केलं, उतरला, मागे जाऊन जमिनीवर पडला आणि भोकात बोट घातलं. भोक रिकामं होतं.

"दादा, काढलीय रे खरंच."

"हो," थोरला म्हणाला, पण बोट लगेच काढलं नाही.