मनगटावरच्या दोन टिचक्या

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि आज मी घाईत आहे. खुर्चीला कसली आलीय घाई, असं म्हणाल. परळच्या एका इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे अचानक बिघडलेले, पडलेले-झडलेले पेशंट जिथे आधी आणतात तिथे, मी भिंतीला टेकून उभी आहे. समोर चार नंबरच्या खाटेवर तासाभरापूर्वी एका आजींना आणलंय. मी त्यांना ओळखते. त्या मला ओळखत नाहीत, कारण आता त्या कुणालाच ओळखत नाहीत. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. तेव्हा पटापट सांगते, मध्येच उठू नका.

माझा जन्म संपातला. १९८२ साल, गिरण्या बंद, भोंगे गप्प. लालबागच्या एका चाळीत शिवा सुतार राहायचे. ते गिरणीच्या सुतारखात्यात होते. घरात बसून करणार काय? इस्पितळाला बारा खुर्च्या हव्यात असं कळलं आणि त्यांनी गॅलरीतच रंधा काढला. मी अकरावी. कुणाच्या तरी मोडलेल्या दाराचं सागवान माझ्या वाट्याला आलं, म्हणून बाकीच्या बहिणी सरपणात गेल्या तरी मी टिकले. हे मी ताठ पाठीने सांगते.

शिवांचा लाकूड चिकटवायचा सरस स्टोव्हवर तापत असायचा आणि संडास चाळीच्या पार दुसऱ्या टोकाला. जायची वेळ आली की ते तोंडाने बोलायचेच नाहीत. बायकोकडे, शेवंतीबाईंकडे बघून डाव्या मनगटावर बोटाने दोन टिचक्या मारायचे आणि मग सरसाकडे बोट दाखवायचे. अर्थ असा, की लघवीला जाऊन येतो, तेवढं काम सांभाळ. ही गिरणीतली खूण. कापड विणणाऱ्या साच्यांचा तिथे एवढा खडखडाट, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी. गिरणी बंद झाली म्हणून हातांची सवय थोडीच सुटते! शेवंतीबाई मान डोलवायच्या आणि सरस ढवळत बसायच्या. मला पॉलिश लागायच्या आधी ती खूण मला पाठ झाली होती.

इस्पितळात मला कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर ठेवलं. दारावर पाटी होती, 'नातेवाईकांनी बाहेर थांबावे.' ते माझ्यावर थांबायचे. दार उघडलं की मला आतलं दिसायचं. कितीतरी म्हातारी माणसं यायची, विसरण्याचा आजार जडलेली. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणायचे. डोक्यावर झगझगीत दिवे, अनोळखी माणसं, तोंडाला मास्क, कुणीतरी हाताला सुई टोचतंय. ती बिचारी घाबरायची, उठू बघायची. मग बँडेजच्या पट्टीने हात खाटेला बांधायचे. आतली माणसं वाईट नव्हती हो. दोन सिस्टर आणि चाळीस पेशंट, कुणाकुणाकडे बघणार? पण ज्याचं माणूस त्यालाच त्याचं कळतं, आणि नेमकं तेच माणूस माझ्यावर, दाराबाहेर बसलेलं असायचं.

एका दुपारी दत्तूआजोबांना आणलं. पंच्याहत्तरीचे, जिन्यात पडले होते. गिरणीत पंचवीस वर्षं साचे चालवून कान गेलेले आणि दोन वर्षांपासून आठवणही. सोबत बायको, मालनबाई. त्यांना बाहेर माझ्यावर बसवलं. दार किलकिलं राहिलं होतं, म्हणून मला आतलं दिसत होतं. आत डॉक्टर मास्कमधून विचारत होते, कुठे दुखतंय. आजोबांना ओठच दिसत नव्हते, उत्तर काय देणार? तीन तास सलाईन चाललं. मग आजोबा तळमळायला लागले. उजवा हात पुन्हा पुन्हा डाव्या मनगटाकडे नेत होते. सलाईनची सुई तिथेच होती. सिस्टर मीनाक्षींना वाटलं, सुई उपटतायत. त्यांनी हात बांधला. आजोबांनी तो ओढून सोडवला आणि पुन्हा मनगटावर दोन टिचक्या, मग बोट समोरच्या मशीनकडे.

मला दिसत होतं! मला कळत होतं! मला चार पाय आहेत, पण जीभ नाही. नुसती करकरले. डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन भरायला सांगितलं. माझ्यावर बसलेल्या मालनबाई मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या. वर बघा हो, वर बघा, एवढंच माझ्या मनात. तेवढ्यात कुणीतरी स्ट्रेचर आत नेलं, दार सताड उघडलं आणि मालनबाईंनी वर बघितलं.

त्या पाटी ओलांडून सरळ आत गेल्या. बाईसुद्धा त्याच गिरणीतली, सूत गुंडाळायच्या खात्यात वीस वर्षं काढलेली.

"सिस्टर, ते सुई नाही काढत," त्या म्हणाल्या. "लघवीला जातो म्हणतायत. तेवढा वेळ साचे बघ म्हणतायत."

सिस्टरचा हात इंजेक्शनसकट थांबला. डॉक्टरांनी आजोबांचं पोट दाबून पाहिलं. टम्म फुगलं होतं. लघवी तुंबली होती, तीन तास. नळी घातली आणि आजोबा शांत झाले. मालनबाईंनी मशीनकडे बोट करून मान डोलवली, म्हणजे साचे सांभाळले. तेव्हा आजोबा हसले. सिस्टर मात्र पडद्यामागे जाऊन रडल्या. मी बघितलंय.

त्या संध्याकाळी सिस्टर मीनाक्षींनी दारावरची पाटी उतरवली, मला उचलून आत नेलं आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'यांच्या माणसासाठी'. तेव्हापासून असा पेशंट आला की मी खाटेशेजारी, आणि माझ्यावर त्याचं माणूस, ओठ दिसतील असं समोर. डोक्यावरचा दिवा बंद. बोलताना मास्क जरा खाली. घरी काय नावाने हाक मारता, कुठल्या कानाने ऐकू येतं, घाबरले की काय करतात, हे आधी विचारून कागदावर. आणि पट्टी हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या : तहान, दुखणं, लघवी. मित्रांनो, पुढच्या दहा वर्षांत माझ्यासमोर पट्टी फार थोड्या वेळा निघाली. दत्तूआजोबा त्यानंतर चार वर्षं जगले.

मग सिस्टर मीनाक्षी निवृत्त झाल्या. नवीन लोक आले, नवीन फरशी आली, बाहेर स्टीलच्या बाकांची रांग आली. माझ्या पाठीवरची अक्षरं घासून गेली. आता माझ्यावर रजिस्टरं असतात, कुणाचा तरी डबा असतो. पाटी पुन्हा दारावर चढलीय.

आणि आज चार नंबरवर मालनआजी आहेत. एकट्या. सून केसपेपरच्या रांगेत अडकलीय, आणि तिने बिचारीने गिरणी आतून कधी पाहिलीच नाही. आजींच्या डाव्या हाताला सलाईन आहे. मघापासून त्या मनगटावर दोन टिचक्या मारतायत आणि माझ्यावरच्या रजिस्टरांकडे बोट दाखवतायत. दोनदा दटावून झालंय, हात हलवू नका म्हणून. आता नवीन सिस्टर पट्टी घेऊन निघाल्यात.

लाकडाला जीभ नसते, मित्रांनो. तुम्हाला आहे, आणि आता ती खूणही तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यावरचा पसारा खाली ठेवा, कुणीतरी बसा, आणि सिस्टरना सांगा, की आजी सुई काढत नाहीयेत. त्यांना लघवीला जायचंय.