रमाकांतरावांची दृष्ट

“काका, तुम्ही काही बघितलंच नाही असं समजा हां,” समरजीत जिन्यात कुजबुजला आणि कोरी करकरीत बॅग त्याने पाठीमागे सरकवली. “मम्मीने कसम घातली आहे. विमान उडेपर्यंत कुणाला बोलायचं नाही.”

“कुठे निघालास?”

“बँकॉक. डेटा एंट्रीचा जॉब. परवा फ्लाइट.”

रमाकांतराव नुकतेच थाटीपूर वस्तीत व्याख्यान देऊन परतले होते. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर वस्तीवस्तीत जाऊन परदेशातील खोट्या नोकऱ्यांविषयी लोकांना सावध करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. विमानतळावर पासपोर्ट कसा काढून घेतात, पोरांना सीमेपलीकडे नेऊन कसे कोंडतात, मारहाण करून त्यांना फोनवरून लोकांना लुबाडायला कसे लावतात, हे सारे त्यांनी त्या दुपारीही क्रमाने समजावून दिले होते. पण जिन्यात त्यांना त्यातले काहीच आठवले नाही. आठवला तो त्यांचा मुलगा अभिराम, किला गेटजवळच्या दुकानात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत पाणी भरत बसलेला. आणि शेजारच्या सूर्याजींचा हा मुलगा, ज्याला त्यांनीच अपूर्णांक शिकवले, तो विमानात बसणार!

“आणि वर्क परमिट?”

“ते तिकडे गेल्यावर. आत्ता टूरिस्ट म्हणून एंट्री. एजंट बोलला, सगळे असेच जातात.”

म्हणजे नोकरी खोटीच, या विचाराने रमाकांतरावांना आधी हायसे वाटले. भीती त्यानंतर आली. हा क्रम ध्यानात आला तेव्हा त्यांची कानशिले तापली.

ते तसेच समरजीतच्या मागोमाग सूर्याजींच्या घरात शिरले.

“सूर्याजी, पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे नोकरी करता येत नाही. ही फसवणूक आहे. पोराला पाठवू नका.”

सूर्याजींनी मिशीवरून हात फिरवला. “हे भाषण तुमच्या थाटीपुरात द्या, मास्तर. अभिरामचं परदेशी जाणं दोनदा नाही झालं, म्हणून जलन होते आहे तुम्हाला. सीधी बात आहे.”

बात सीधी होती आणि खरीही होती. सूर्याजींच्या जागी आपण असतो तर आपणही ऐकले नसते, हे रमाकांतरावांना स्वच्छ दिसत होते.

जलन हा शब्द ऐकून समरजीतची आई विजयाबाई एव्हाना उठल्याच होत्या. त्यांनी मुलाला पाटावर बसवले, मीठ-मोहऱ्या आणि सुक्या लाल मिरच्या त्याच्यावरून ओवाळल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन तापल्या तव्यावर टाकल्या. सगळे ठसक्याची वाट पाहत राहिले. कुणालाही खोकला आला नाही.

“अगं बाई! ठसकाच नाही!” विजयाबाईंचा चेहरा उतरला. “लागली! एवढी जबरदस्त लागली पोराला!”

रमाकांतरावांनी दारातून आत पाहिले. शेगडीवरच्या भिंतीत एक्झॉस्टचा पंखा गरगर फिरत होता आणि सगळा धूर बाहेर ओढून नेत होता. आयुष्यभर वायुवीजन शिकवलेल्या माणसाला एक वाक्य पुरले असते. ते ओठांवर आलेही. त्यांनी ते गिळले.

“माझीच लागली, वहिनी.”

विजयाबाई तव्यापासून वळल्या; रमाकांतराव पुढे बोलले,

“सूर्याजी खरं बोलले. जिन्यात बॅग पाहिली तेव्हाच मी जळलो. दृष्ट उतरायला शनिवार उलटावा लागतो; तोवर याला उंबऱ्याबाहेर काढू नका.”

“मम्मी, यांचं काय ऐकतेस? फ्लाइट निघून जाईल!”

“जाऊ दे. लाव त्या एजंटला फोन. सांग, पुढल्या हप्त्यात येतो.”

समरजीतने पाय आपटत फोन लावला. विजयाबाईंनी स्पीकर चालू करायला लावला. एजंट आधी बेटा-बेटा करत राहिला. पोरगा बधत नाही असे दिसताच त्याचा आवाज पालटला. “तेरे नाम पे वहाँ से पैसा आ चुका है, समझा? एयरपोर्ट नहीं पहुँचा तो घर से उठवा लूँगा.” मागून आईवरून शिवी आली.

ती शिवी विजयाबाईंनी ऐकली. फोन त्यांनीच बंद केला.

मग सूर्याजी बूट घालत म्हणाले, “चला मास्तर, पोलीस ठाण्यात. काय सांगायचं ते तुम्हाला पता आहे.”

पुढे समरजीतला इंदूरला नोकरी लागली. त्या दिवशीही रमाकांतरावांना टोचले. ते त्यांनी पत्नीला, शरयूताईंनाही सांगितले नाही. कंपू मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत एजंटचे नाव लोक विसरले. एवढे मात्र पक्के राहिले की दृष्ट आपलीच लागल्याचे मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केले होते. सूर्याजींच्या नातवाच्या बारशाला शरयूताईंना बोलावणे आले नाही. पंख्याची गोष्ट मात्र त्यांना ठाऊक होती; त्यांनी एकदाच विचारले, “तुम्ही तो पंखा दाखवला का नाहीत?” रमाकांतराव नुसते हसले.

हिवाळ्यात एका सकाळी विजयाबाई दारापुढच्या उन्हात बसून नातवाला तेल लावत होत्या. रमाकांतराव जवळ येताना दिसले तसा त्यांचा हात आपोआप हलला आणि बाळाच्या तोंडावर पदर आला. मग त्याच ओशाळल्या.

“बरे आहात ना, भाऊजी?”

“उत्तम आहे, वहिनी.”

दुसऱ्या दिवसापासून रमाकांतरावांनी गल्लीची पलीकडची बाजू धरली. तिकडे ऊन पोहोचत नाही. मफलर कानांवर ओढून, नजर समोर ठेवून ते व्याख्यानाला निघत.