माझ्या पाठीवरचं कुसळ

मित्रांनो, तोंड वर करून बोलावं अशी माझी कामगिरी नाही. तरी सांगतो, कारण गप्प बसून मी आधीच पुष्कळ पाप केलं आहे. मी एक जुना पोलादी तुकडा आहे, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. इलेक्ट्रिक गिटारीच्या अंगावर तारा जिथून निघतात, त्या पट्टीला ब्रिज म्हणतात. तिच्यावर आम्ही सहा भावंडं ओळीनं बसतो आणि एकेकाच्या पाठीवर एकेक तार टेकते. वादक आम्हाला सॅडल म्हणतात. मी तिसऱ्या तारेचा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. तिथं पॉलिश करणाऱ्या एक मावशी होत्या. प्रत्येक तुकडा खोक्यात टाकण्याआधी त्या त्याच्या पाठीवरून बोट फिरवायच्या आणि शेजारणीला म्हणायच्या, "बोट अडकलं की समजावं, इथं तार तुटणार." मी त्यांच्या बोटाखालून सुळकन निसटलो. केवढा तोरा आला मला! तो तोरा पुढं बारा वर्षं टिकला.

ही बारा वर्षं मी बाबांच्या गिटारीवर काढली. बाबा म्हणजे आमचे वादक. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. दर रविवारी दुपारी एका मोठ्या हॉलमध्ये त्यांचा बँड वाजायचा आणि माणसं जोडीजोडीनं नाचायची. बाबा सगळ्यांना सांगायचे, "बारा वर्षांत एक तार तोडली नाही मी. हात हलका लागतो!" निम्मं कौतुक माझं, असं मी मनातल्या मनात धरून चालायचो.

मग एका रविवारी माझा स्क्रू सैल झाला, मी खाली घसरलो आणि तार झणझणायला लागली. मला वर उचलायला एक बारीक चावी लागते. ती सापडेना. बाहेर हॉलला न्यायला आलेली गाडी हॉर्न वाजवत होती. बाबांनी सरळ पक्कड घेतली, मला तिच्या दातांत धरलं आणि करकचून पिळलं. "झालं काम!" म्हणाले. काम झालं खरं, पण माझ्या पाठीवर पकडीचा एक दात उमटला आणि त्याच्या कडेला कुसळ उभं राहिलं, केसाहून बारीक. मला तेव्हा दुखलंही नाही. उलट वाटलं, बरं झालं, आता तार घट्ट धरता येईल. अशी माझी अक्कल!

पुढच्याच आठवड्यात बाबांच्या बोटांचे सांधे सुजले. डॉक्टरांनी वाजवणं बंद करायला सांगितलं आणि गिटार मुलीकडे आली. ती पहाटेपासून बेकरीत पाव करायची, पीठ मळायची. मनगटं भक्कम, आणि वाजवायची अशी की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप उचलावेत. पहिल्याच रविवारी ऐन रंगात आलेल्या गाण्यात तिसरी तार ताडकन तुटली. माझ्या पाठीवर.

"हात आहे का हातोडा?" बाबा सगळ्यांदेखत म्हणाले. "हे काय पीठ आहे?"

झालं! बँडमध्ये तिचं नाव हातोडाबाई पडलं. दुसऱ्या रविवारी तार तुटली, तिसऱ्या रविवारी तुटली. तिनं तारा बदलल्या, तार छेडायचं पातळ पिक घेतलं, मग बिचारी इतकं हळू वाजवायला लागली की ढोलकवाल्याला ऐकू येईना. तरी चौथ्या आणि पाचव्या रविवारी तुटलीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आणि चोर मी, तिच्या हातापासून चार बोटांवर बसलेलो. मला बोलता येत नाही, ही सबब खरी आहे. पण बाबा तिच्यावर ओरडले तेव्हा "सुटलो बुवा" असं मला वाटलं, हेही खरं आहे. त्याची लाज मला आजही वाटते.

शेवटी हॉलच्या व्यवस्थापकानं बजावलं, "येत्या रविवारी तार तुटली, तर आम्ही दुसरा वादक बघतो."

घरी आल्यावर तिनं भीत भीत विचारलं, "बाबा, गिटारीतच काही बिघाड नसेल ना?"

"नाचता येईना अंगण वाकडं!" बाबा म्हणाले. "याच गिटारीवर मी बारा वर्षं काढलीत."

तिनं गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि एवढंच म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. माझा हातच वाईट. मी नाही वाजवत आता." पिशवीच्या अंधारात मला तिचं हुंदके गिळणं ऐकू येत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे तिची आत्या, पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. पोरीनं तुटलेल्या तारा बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आत्यानं तो डबा उघडला आणि तारा कापडावर शेजारी शेजारी मांडल्या. पाचही एकाच मापावर तुटलेल्या.

"अगं, हात वाईट असता तर तार कुठंही तुटली असती," आत्या म्हणाली. "माझ्या मशीनवर धागा एकाच जागी तुटायला लागला, की मी धाग्याला शिव्या देत नाही. सुईचं भोक बघते. आण ती गिटार."

तारा काढल्या. आत्यानं कापसाची वात केली आणि आम्हा भावंडांच्या पाठीवरून एकेक करून ओढली. पाच जणांवरून ती सरकली. माझ्यावर अडकली, आणि पांढरा तंतू माझ्या पाठीवर फडफडत राहिला. कारखान्यातल्या मावशींची मला आठवण झाली. तोंड लपवायला जागा नव्हती.

आत्यानं चष्मा पुसून पाहिलं. "हा तर दात आहे. पकडीचा." तिनं भावाला हाक मारली, "अरे, इकडं ये. गिटारीला पक्कड कुणी लावली?"

बाबा आले, वाकून बघत राहिले. शरमेनं त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "ताई, मी. घाईत."

"पोरीच्या हातातलं कुसळ बरं दिसलं तुला, स्वतःच्या हातातलं मुसळ नाही दिसलं!"

 बाबांनी जुन्या तारेच्या तुकड्याला बारीक पॉलिशपेपर गुंडाळला आणि माझ्या पाठीवर तार बसते त्या खाचेतून पुढं-मागं घासायला लागले. बोटं वळत नव्हती. मुलगी म्हणाली, "द्या बाबा, मी करते." ते म्हणाले, "नको. हे माझं आहे." तासभर लागला. मग घासून पडलेली पूड पुसली, पेन्सिलीचं शिसं खाचेत फिरवलं, म्हणजे तार न अडखळता सरकावी. कापूस पुन्हा ओढला. सुळकन निसटला.

रविवारी वाजवायच्या आधी बाबा बँडपुढं उभे राहिले. "हिला कुणी हातोडाबाई म्हणायचं नाही," ते म्हणाले. "अंगणच वाकडं होतं. आणि ते मीच वाकडं केलं होतं."

ती मोकळ्या हातानं वाजवत राहिली. तिसरी तार माझ्या पाठीवर थरथरत होती, पण तुटली नाही.

मित्रांनो, पकडीच्या त्या दाताची पुसटशी खूण अजून आहे. तार बदलताना मुलगी दर वेळी माझ्यावरून बोट फिरवते, आणि दर वेळी मी शरमतो. तुम्हीही एवढं करा. काही पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटत असेल, तर कुणाच्या हाताला नाव ठेवण्याआधी त्या जागेवरून एकदा बोट फिरवून बघा. आम्हाला ओरडता येत नाही. तिला येत होतं, पण बाबा म्हणाले तेच तिनं बरोबर मानलं.