तिघी आहोत ना

"कधीही हाक मार" हे वाक्य त्या घरात गेल्या अडीच वर्षांत पुष्कळ वेळा म्हटलं गेलं होतं. सासूबाई चपला घालताना म्हणायच्या, नणंद फोन ठेवता ठेवता म्हणायची, आणि समोरच्या दारातल्या काकू जिना उतरताना, साधारण चौथ्या पायरीवर पोचल्यावर म्हणायच्या. तिघींत एक गोष्ट सारखी होती. बसलेली असताना कोणीच म्हटलं नव्हतं.

ज्या बाईला हे सांगितलं जाई तिला बिल्डिंगमध्ये दातवाली म्हणत. लग्नाच्या आधीपासून नऊ वर्षं ती एका कारखान्यात कवळ्या बनवायची. कारखाना म्हणजे चार टेबलांची एक खोली, पण मालक कारखाना म्हणायचे म्हणून सगळे म्हणायचे. मेणात दात कोरण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सुळ्याचं टोक ती असं उतरवायची की म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात तो सुळा म्हाताराच दिसायचा. आता तिच्या ताब्यात दोनच तोंडं होती आणि त्यांतले दात तिला न विचारता येत होते. थोरला अडीच वर्षांचा. त्याला इंजिन म्हणत, कारण तो चालत नसे, सुटत असे. धाकटी चौदा महिन्यांची. हाती लागेल ते ती दोन बोटांत पकडी आणि सोडत नसे, म्हणून तिचं नाव चिमटी पडलं.

मुलं गॅसपाशी जाऊ नयेत म्हणून नवऱ्यानं स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढी फळी बसवून दिली होती. कडी आतून. त्यामुळे मुलं बाहेर मोकळी आणि ही आत. दोघं फळीच्या फटीला नाक लावून उभी राहत आणि ती कांदा कसा चिरते, भांडं कसं घासते ते न कंटाळता बघत. प्राणिसंग्रहालयात असतं तसंच सगळं, आणि तिकीट काढून कोण आलंय याबद्दल शंका नव्हती. बाहेर यावं तर चिमटी पायाला आणि इंजिन पदरा-ओढणीला, जे सापडेल त्याला. दोघं एकाच वेळी झोपलेली तिनं महिन्याभरात दोनदा पाहिली होती, आणि त्यातल्या एकदा कुरिअरवाला आला होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की तो फोनवर म्हणे, घाबरू नका, मी निघालोच आहे. बायकोचा फोन आला तरी हेच, याच आवाजात. लिफ्टमध्ये अडकलेल्यांकडे तो वीस मिनिटांत पोचतो अशी त्याची ख्याती होती.

शनिवारी कारखान्याच्या मालकांचा फोन आला. त्यांचा एक माणूस सोडून चालला होता. दुपारची दोन ते पाच एवढीच वेळ होती, पण आधी त्यांना तिचा हात बघायचा होता. अडीच वर्षांत हात जातो, असं त्यांचं मत होतं. गुरुवारी दोनला ये, एक सुळा कोरून दाखव, जमलं तर सोमवारपासून तुझं टेबल तुला. आणि मुलांची सोय असेल तरच ये, कारण आधीच्या एका बाईंनी तीन दिवसांत टेबल सोडलं होतं. पुन्हा असं झालं तर ते कोणालाच विचारणार नव्हते.

त्या दिवशी आंघोळीला गेल्यावर तिनं साबणाच्या वडीवर केसांच्या पिनेनं दाढ कोरून पाहिली. बरी आली. रविवारी चिमटीनं ती चावली आणि दुपारभर तिच्या तोंडाला फेस येत राहिला.

मग तिनं हाका मारायला घेतल्या. सासूबाई दोन बसथांब्यांपलीकडे थोरल्या दिरांकडे राहत. त्यांच्या डोळ्यांत थेंब चालू होते आणि डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं; मुलं तर सगळी खालीच असतात. बुधवार असता तर प्रश्न नव्हता, असंही त्या म्हणाल्या. नणंद शाळेत शिकवायची. तिच्याकडे उत्तरपत्रिकांचा ढीग पडला होता, आणि असं आयत्या वेळी सांगून कसं चालेल, असं तिनं विचारलं. आयती वेळ म्हणजे चार दिवस. काकू पूर्वी इस्पितळात नर्स होत्या. त्या मात्र येते म्हणाल्या, पण एकाच मुलासाठी. दोन झेपायची नाहीत. कोणतं ते तू ठरव, असं वर मोठ्या मनानं सांगितलं.

हे सगळं तिनं बुधवारी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, थांब, मी बघतो. गॅलरीत जाऊन त्यानं तीन फोन केले आणि तिन्ही ठिकाणी एकच युक्ती लावली. आईला म्हणाला, ताई रजा काढून येतेय, तू आली नाहीस तर बरं दिसेल का. ताईला म्हणाला, आई थेंब घालून येतेय. काकूंना म्हणाला, घरचे सगळे येताहेत, तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी तिला धीर येईल. आत येऊन त्यानं हात झटकले, लिफ्ट सुरू झाल्यावर झटकतो तसे.

गुरुवारी दीडला तिघी हजर. सासूबाई थेंबांची बाटली घेऊन, नणंद उत्तरपत्रिका आणि लाल पेन घेऊन, काकू स्वतःची पाटाएवढी खुर्ची घेऊन, कारण दुसऱ्या खुर्चीत त्यांची पाठ धरते. तिघी आल्या म्हणजे चहा आला. चहा तिनंच केला, फळीच्या आत उभं राहून. एवढी माणसं बघून इंजिननं झोपेचा विचार सोडला आणि तो सोफ्यावरून उड्या मारून दाखवू लागला. नणंदेचं म्हणणं होतं की मुलांना थोपटून झोपवायची सवयच लावू नये, तिनं वाचलं होतं. सासूबाईंनी विचारलं की तुला कसं झोपवलं ते वाचलंस का कुठे. काकूंनी सांगितलं की त्यांनी आख्खा वॉर्ड झोपवलेला आहे. तिघीही अधूनमधून दातवालीला म्हणत होत्या, तू जा गं, आम्ही तिघी आहोत ना. आणि तिघीही पुढे म्हणत, फक्त एवढं सांग. केळं कुस्करून की तुकडे? लाल वाटी कुणाची? ही रडतेय ती भुकेनं की उगाच? थेंब घालायला जरा माझी पापणी धर बघू.

दोन वाजून गेले होते. पापणी धरून झाल्यावर ती उठली, चिमटीच्या दोन बोटांत स्वतःच्या ओढणीऐवजी नणंदेची ओढणी दिली आणि मागे न बघता बाहेर पडली. अर्ध्या जिन्यात नणंदेची हाक आली, अगं, ही सोडत नाहीये. ती थांबली नाही.

कारखान्यात पोचायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मेण पुढे सरकवलं. तिनं स्पिरिटचा दिवा पेटवला. सुरी तापवली. पहिला सुळा तुटला; दोन मिनिटं ती नुसती बोटांकडे बघत बसली. दुसऱ्याच्या वेळी हातांनी तिला न विचारता काम सुरू केलं. पिशवीत फोन थरथरत होता, तिनं पिशवी पायानं टेबलाखाली ढकलली. तासभर तिला कोणी हात लावला नाही. अंगावर काही चढलं नाही, काही ओढलं गेलं नाही, आणि मधेच तिच्या लक्षात आलं की आपण अजून एका पायावर भार देऊन बसलोय, दुसऱ्याला कोणी लटकल्यासारखं.

मालकांनी सुळा खिडकीशी नेऊन फिरवून बघितला. कौतुक करण्याची त्यांची पद्धत म्हणजे दोष न सांगणं.

"मुलांकडे कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तिघीजणी आहेत."

"तीन? आमच्याकडे एक मिळायची मारामार होती. मग सोमवारी दोनला. आणि दोनला म्हणजे दोनला."

ती परतली तेव्हा चिमटी जागी होती आणि इंजिन नुकताच, साडेचारला, झोपला होता. म्हणजे तो रात्री कधी झोपणार याचा हिशोब तिनं दारातच केला. चहाचे कप होते तिथेच होते. तिघींनी तिला एकेकटं गाठून अहवाल दिला. तिन्ही अहवालांत मुलांना सांगणारीनं एकटीनंच सांभाळलं होतं आणि बाकीच्या दोघी नुसत्या बोलत बसल्या होत्या. मग तिघी निघाल्या. काकूंनी खुर्ची उचलली, सासूबाई चपला शोधू लागल्या. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"सोमवारी कोण येणार?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. काकूंना वाटलं होतं की आता घरचे आहेत. सासूबाईंना वाटलं होतं की काकू तर समोरच आहेत, दोन पावलं टाकली की झालं. नणंद म्हणाली, "एवढी काय काळजी करतेस? तिघी आहोत ना. कोणीतरी येईलच की."

चिमटी दाराकडे झेपावली म्हणून तिला बाजूला व्हावं लागलं, आणि तेवढ्यात तिघी बाहेर पडल्या. जिन्यात, चौथ्या पायरीच्या सुमारास, कोणीतरी म्हणालं, कधीही हाक मार हं. नवऱ्यानं संध्याकाळी विचारलं, सुटला ना प्रश्न? तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं.

शुक्रवारी दुपारी ती फोन घेऊन न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ सोडला आणि उलट्या बादलीवर बसून सासूबाईंना फोन लावला. कालची रात्र तिनं वाया घालवली नव्हती. तिघी येणार म्हटल्यावर तिघीही आल्या, कारण न येणारी उघडी पडली असती. पण रोज यायचं तर दुसऱ्या दोघी आहेत ही सबब तिघींनाही पुरणार होती. ती सबब काढून घ्यायला हवी होती.

"आई, त्या दोघींनी नाही म्हटलं," ती म्हणाली. "सरळ नाही म्हटलं. आता तुमच्याशिवाय कोणी नाही."

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, आणि तो थेंब घालणाऱ्या बाईचा वाटत नव्हता. त्यांना माहीतच होतं. पोटची पोर असली तरी कामाला कोण येतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. सोमवारपासून त्या रोज दीडला येणार होत्या, एकट्या. दुसऱ्या कोणाची लुडबुड त्यांना नको होती. मात्र साडेपाचला म्हणजे साडेपाचला तिनं घरात हवं. आणि मुलांना त्या थोपटूनच झोपवणार होत्या.

"आणि त्या दोघींना यातलं काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "उगाच मनाला लागेल त्यांच्या."

"नाही बोलणार," ती म्हणाली, आणि एवढं मात्र अगदी मनापासून म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला पुढचं सगळं दिसायला लागलं. काकूंचं दार समोर, दीड वाजता बरोबर उघडं. सोमवारी त्या सासूबाईंना बघतील, या या म्हणतील, मी येऊ का मदतीला विचारतील. नणंद संध्याकाळी आईला फोन करीलच. दीडच्या आधी काकूंना कुठेतरी गुंतवायचं, संध्याकाळी नणंदेला आपणच आधी फोन लावायचा, आठवड्यातले पाच दिवस, हे आता तिच्या कामांत आणखी एक काम. दोन ते पाच सुटायचं तर उरलेल्या एकवीस तासांत हे सांभाळायचं होतं.

दारावर थाप पडली. मग डोक्याची धडक. खालच्या फटीतून चार बोटं आत आली, दोन मोठी, दोन लहान, आणि फरशीवर काही सापडतंय का ते चाचपू लागली.

"आई, तू काय करतेस?"

"काही नाही. आले."

ती उठली नाही. बादली भरायला आणखी मिनिटभर लागेल, असं तिनं पलीकडे सांगितलं, आणि त्याच उलट्या बादलीवर बसून राहिली.