सासऱ्यांच्या खोलीचा रंग

सासरे आमच्याकडे राहायला येऊन तीन महिने झाले, तरी पाहुण्यासारखेच वागत होते. पंखा लावू का, खिडकी उघडू का, सगळं विचारून. चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलेला हा माणूस. "हा रंग तुम्हाला शोभत नाही," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. आमच्या घरात मात्र ओठांना टाके घातल्यासारखा गप्प.

म्हटलं, निदान आपल्या खोलीचा रंग तरी त्यांनी निवडावा. रंगाऱ्याने भिंतीवर दोन पट्टे ओढून दिले. एक वाळू, दुसरा शिंपला. दोन्ही मातकट, दोन्ही जरासे गुलाबीकडे झुकलेले.

"बाबा, कुठला?"

"दोन्ही छान. तुमचं घर, तुम्ही ठरवा."

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दोन आहेत?"

रंगारी ताटकळला. "वहिनी, सांगा आता. माझी दाढी पिकायला लागली."

माझं डोकं फिरलं. "असं करा, खिडकीकडची भिंत वाळूने रंगवा, दाराकडची शिंपल्याने. कुणाला कळतंय!"

त्याने रोलर बुडवला, तोच मागून आवाज आला.

"थांब!"

बाबा खुर्चीतून उठले होते. "एका सदऱ्याला दोन ताग्यांचं कापड लावतं का कुणी? डोळे आहेत की बटणं?"

रंगाऱ्याचा हात हवेतच राहिला.

"सूनबाई, इकडे ये. भिंतीला पाठ लाव. हनुवटी वर."

मी वाळूपुढे उभी राहिले.

"कावीळ झाल्यासारखी दिसतेस. सरक."

शिंपल्यापुढे सरकले. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. "हं. आता माणसात आलीस."

"अहो, पण खोली तुमची. माझ्या तोंडाशी जुळवून काय करायचंय?"

"मग? माझ्या खोलीत नुसत्या भिंती बघत बसू? समोर येऊन बसणार तूच ना?"

'माझ्या खोलीत', म्हणाले बाबा. मी पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं.

"शिंपला ठरला तर?" रंगाऱ्याने विचारलं.

"ठरला. आणि कोपऱ्यात हात नीट चालव, जोड दिसता कामा नये." मग माझ्याकडे वळून, "तू काय उभी राहिलीस? तो पडदा उतरव आधी. कुणी शिवलाय कोण जाणे, दुमड पार वाकडी गेलीय."

पडदा मीच शिवला होता. तरी खुशीत स्टुलावर चढले.