सीट सरकली तेव्हा

दातांच्या डॉक्टरांना विमान चालवायचं वेड लागलं ते पन्नाशी जवळ आल्यावर. या वयात माणसं बागकाम करतात, असं बायको म्हणाली. पण डॉक्टरांनी रीतसर शिकून परवाना मिळवला आणि दर रविवारी ते फ्लाइंग क्लबचं जुनं, छोटं विमान घेऊन आभाळात फेरफटका मारून येऊ लागले. मग जेवताना क्लबातल्या इतरांच्या फजित्या रंगवून सांगायच्या. एकाने विमान ओढायचा लोखंडी दांडा चाकाला तसाच ठेवून उड्डाण केलं. दुसरा मोठ्या दिमाखात उतरला, पण भलत्याच गावच्या धावपट्टीवर, वर तिथल्या माणसालाच विचारतो, "तुम्ही इकडे कसे?"

"आणि तू रे बाळ्या?" ताईने विचारलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. डॉक्टरांना ती पेशंटसमोरसुद्धा बाळ्याच म्हणायची.

"मी सगळं तपासूनच निघतो."

"मग मला ने."

रविवारी डॉक्टरांनी तिला शेजारी बसवलं. तिचा पट्टा नीट बांधता यावा म्हणून स्वतःची सीट मागे घेतली, मग पुढे ओढली. "समोरच्या कशालाही हात लावायचा नाही," अशी ताकीद दिली. ताईला ताकीद द्यायची संधी डॉक्टरांना जन्मात पहिल्यांदाच मिळाली होती, त्यामुळे त्यांनी ती दोनदा दिली.

विमान धावलं, नाक वर झालं, जमीन सुटली आणि डॉक्टरांची सीट रुळावरून सर्रकन मागे गेली, ती थेट शेवटापर्यंत! पाय पेडलवरून निसटले. समोर दिसत होते फक्त स्वतःचे बूट. अशा वेळी माणूस घाबरून हातातल्या सुकाणूच्या चाकाला लोंबकळतो आणि विमान आणखी उभं होऊन कोसळतं, हे त्यांना शिकवलं होतं. म्हणून पाचावर धारण बसलेली असतानाही त्यांनी चाक सोडून दिलं.

"ताई, तुझ्यासमोरचं चाक धर!"

"आत्ता तर म्हणालास, हात लावू नकोस."

"आता लाव!"

ताईने धरलं.

"थोडं पुढे ढकल. हळू!"

"हळू म्हणजे किती? नीट सांग."

"एवढंच! बस्स, बस्स! काय दिसतंय?"

"आभाळ. खाली थोडी घरं."

"तसंच ठेव. डावीकडे झुकू नकोस."

"मी नाही झुकत, ते झुकतंय," असं म्हणत ताईने विमान सरळ केलं, वर्गातल्या वाकड्या रांगेला करावं तसं.

तोवर डॉक्टर खिडकीची चौकट धरून, सीटसकट बुडावर सरकत पुढे आले. सीट अडकवणारी पिन खट्कन बसली. सीट गदागदा हलवून पाहिली, ती जागची हलली नाही. मग त्यांनी चाक हातात घेतलं.

"सोड आता."

"का? छान चाललंय की."

"ताई, सोड."

"पुढचं वळण येईपर्यंत तरी."

"आभाळात वळण येत नसतं गं, घ्यावं लागतं!"

"मग घेऊ या," म्हणत तिने नाइलाजाने हात काढले.

डॉक्टरांनी एक फेरी घेऊन विमान खाली आणलं. कधी नव्हे इतकं ते अलगद टेकलं. एरवी त्यांनी चारचौघांत मान ताठ केली असती; आज त्यांना उतरायलाही मेकॅनिकने हात दिला. त्याने सीटखाली टॉर्च मारली आणि तो म्हणाला, "पिन अर्धवट बसली असणार, डॉक्टर. सीट पुढे घेतली की हलवून बघायची."

ताई बाकावर बसून पाणी प्यायली. तिने ग्लास रिकामा केला आणि लगेच दुसरा मागितला.

"घाबरलीस का गं?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"तेव्हा वेळ कुठे होता? आता घाबरते आहे."

डॉक्टर तिच्याजवळ टेकले. घरी जाताना त्यांनी मोटार इतकी सावकाश चालवली की सायकलवाले घंटी वाजवत पुढे गेले. ताईने त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता, आणि घर येईपर्यंत तिने एकही सूचना केली नाही.