आवाज अडवणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण मला ठोठावण्यात काही अर्थ नाही. तुम्ही हात दुखेपर्यंत ठोठावलंत तरी पलीकडच्या माणसाच्या कानावर काहीही जाणार नाही. मला बनवलंच त्यासाठी. साधा दरवाजा लहान मूलही ढकलतं, मला हलवायला मात्र चांगला खांदा लावावा लागतो. माझ्या कडेला, खटक्याच्या जरा वर, लाकूड फाटल्याची एक मोठी खूण आहे. येणारा जाणारा ती बघून हळहळतो. एवढा सुबक दरवाजा आणि हे काय झालं, असं विचारतो. तीच हकिकत आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका सुतारकामाच्या कारखान्यात झाला. कारखाना दोन भावांचा. थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, तरी दादा त्याला छोट्याच म्हणे. दादाची बायको, म्हणजे छोट्याची वहिनी, पॉलिशचं काम बघायची आणि दोघा भावांनाही धाकात ठेवायची. आवाज अडवणारे दरवाजे ही या कारखान्याची खासियत. दोन जाड फळ्या, त्यांच्या मध्ये काळ्या जड रबराची चादर आणि ठासून भरलेली लोकर, असं माझं पोट. मला उचलून बिजागऱ्यांवर चढवताना दोघे भाऊ घामाघूम झाले होते. दादाने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "असा दरवाजा आजवर आपल्याकडून झाला नाही." हे ऐकून मी फुगलो, अक्षरशः नव्हे बरं का. लाकूड फुगलं तर दादा रंधा घेऊन धावतो.

कारखान्याच्या मागच्या बाजूला जाड भिंतींची एक खोली होती. तिला ना खिडकी, ना हवा यायला फट. प्रत्येक नवा दरवाजा आधी त्या खोलीला बसवून तपासायचा, अशी इथली रीत होती. एकाने आत जाऊन पत्र्याचा डबा बडवत ओरडायचं, दुसऱ्याने बाहेर कान लावून उभं राहायचं. बाहेर काहीच ऐकू आलं नाही की दरवाजा पास. आतली मूठ अगदी शेवटी, पॉलिश झाल्यावर बसवत. म्हणून दार उघडायचं काम नेहमी बाहेरच्याचं असे. आत जायला वहिनीला फार आवडायचं. ती आत जाऊन नवऱ्याची सगळी गाऱ्हाणी घसा खरवडून सांगायची आणि बाहेर येऊन विचारायची, "ऐकलंत?" दादा मान हलवायचा. "मग पास," ती म्हणायची, "आणि माझंही डोकं शांत झालं."

आता नीट ऐका. या कारखान्यात कोणालाही काही ऐकू न येणं, हीच आनंदाची गोष्ट होती. पुढे सगळं बिनसलं ते त्यामुळेच.

मला मागवलं होतं कान तपासणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी. त्यांच्याकडे लहान मुलं यायची. बारीकसा आवाज मुलाला ऐकू येतो की नाही हे बघायचं, तर खोलीत रस्त्यावरचा एकही आवाज यायला नको. बाई माप सांगायला आल्या तेव्हा छोट्या उत्साहाने म्हणाला, "कडेच्या रबरी पट्ट्या मी बसवतो." खरं म्हणजे सगळं काम त्या पट्ट्यांवर असतं. तिथे केसाएवढी फट राहिली तरी आवाज आत शिरतो. दादा बाईंच्या देखत फटकन म्हणाला, "पट्ट्या याच्यावर नको. याचा हात हलका आहे, मीच बघेन."

छोट्या तिथून उठून गेला. त्या दिवसापासून तो दादाशी बोलेनासा झाला. दादाचा रागही नाकावरच बसलेला. दोघे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून काम करायचे आणि निरोप मात्र वहिनीमार्फत जायचे. "त्याला सांग, पटाशी दे." "वहिनी, म्हणावं ती त्याच्याच हाताखाली आहे." ती बिचारी दोघांच्या मध्ये उभी राहून कंटाळायची. "मी काय पोस्टमन आहे का?" असं म्हणायची. पण निरोप पोचवायची.

मग एके दिवशी वहिनी सकाळीच बहिणीकडे गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मला बघायला येणार होत्या. मी त्या मागच्या खोलीला बसवलेला होतो, पट्ट्या मात्र राहिल्या होत्या. दादा लाकूड आणायला बाहेर पडला आणि छोट्याने ठरवलं की, तो परत यायच्या आत पट्ट्या अशा बसवायच्या की त्याला नाव ठेवायला जागा उरू नये. मी हे त्याच्या हातांवरून ओळखलं. इतकं मन लावून मला आजवर कोणी हात लावला नव्हता.

त्याने मला बाहेरच्या भिंतीपर्यंत सताड उघडलं आणि खाली पाचर ठोकली. चिकटवायच्या जागी भुसा लागू नये म्हणून चपला काढल्या. त्या माझ्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत झाकून गेल्या. मग माझ्या कडेला आणि चौकटीला त्याने पट्ट्या चिकटवायचं पिवळं सोल्युशन लावलं. त्याचा वास असा की उघड्यावरही डोकं धरतं. ते जरा सुकू द्यावं लागतं, मग पट्टी दाबायची. तोवर पट्ट्या कापून घ्याव्यात म्हणून तो सोल्युशनचा उघडा डबा घेऊन खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तो कोपरा दारातून दिसत नाही.

एवढ्यात दादा परत आला.

दादाला उघडा ठेवलेला जड दरवाजा बघवत नाही. एवढं वजन बिजागऱ्यांवर लोंबत ठेवलं की त्या झुकतात आणि दरवाजा कायमचा वाकडा होतो. खाली पाचर, आत दिवा चालू आणि माणसाचा पत्ता नाही, हे बघून तो तणतणतच पुढे आला. एरवी त्याने हाक मारली असती, "छोट्या, आत आहेस का रे?" हाक अगदी ओठांपर्यंत आली होती, मी बघितलं. पण अबोला होता ना! त्याने ती गिळली.

आणि छोट्याने? त्याने दादाची पावलं ओळखली. "मी इथे आहे" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तो पाठमोरा बसून पट्टी कापत राहिला. बघू दे त्याला आपणहून, असं त्याच्या मनात असणार.

दादाने पायाने पाचर उडवली, मला ढकललं आणि बाहेरचं दिव्याचं बटण बंद केलं. मग खटका फिरवला. माझा खटका असा आहे की तो फिरला की मी चौकटीवर करकचून आवळला जातो. सोल्युशन सोल्युशनला भिडलं आणि केसाएवढीही फट उरली नाही. भिंतीजवळच्या चपला आता उघड्या पडल्या होत्या, पण दादा तोवर पाठ फिरवून करवतीच्या मशीनकडे गेलासुद्धा.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते फक्त मला माहीत आहे.

अंधार होताच छोट्या ओरडला. आधी रागाने, मग नुसताच ओरडला. चाचपडत माझ्यापर्यंत आला आणि मूठ शोधू लागला. मूठ बसवलेलीच नव्हती. अंधारात त्याचा पाय डब्याला लागला आणि सोल्युशन जमिनीवर सांडलं. तो वास त्या बंद खोलीत दाटत चालला. त्याने मला मुठींनी बडवलं. मग खांद्याने. "दादा! दादा, उघड!" किती दिवसांनी तो भावाला हाक मारत होता, आणि ती हाक माझ्या पोटातल्या लोकरीत जिरून जात होती. मला ती पलीकडे द्यायची होती हो! पण मला तर नेमकं तेच करता येत नाही.

बाहेर करवत फिरत होती आणि दादा खाली मान घालून फळ्या कापत होता. इतकी वर्षं मशीनजवळ काढून त्याचे कान अर्धे गेलेले. टेबलावरचा फोन वाजायला लागला. मला ऐकू येत होता, त्याला येईना. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला. दादाने नवी फळी घेतली. आत छोट्याला खोकल्याची उबळ आली आणि त्याच्या मुठी थंडावल्या. तो माझ्या अंगावरून घसरत खाली बसला.

फळी संपली. करवत थांबली. फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा दादाने तो घेतला. नीट ऐकू येत नाही म्हणून तो फोनचा स्पीकर लावतो.

"किती वेळ फोन करतेय! जेवलात का?" वहिनी म्हणाली.

"हो."

"आणि भावजी?"

"मला काय माहीत! गेलाय कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? डबा खाल्ला का त्यांनी?"

दादाने टेबलाकडे बघितलं. "डबा तसाच आहे."

"उपाशीपोटी कुठे जातायत ते? अहो, चप्पल आहे का बघा बरं त्यांची."

दादा वळला आणि त्याला चपला दिसल्या.

फोन त्याच्या हातून भुशात पडला. तो धावत आला आणि सवयीने त्याने माझ्यावर कान टेकला. आजवर त्या कानाला काही ऐकू आलं नाही की तो खूश व्हायचा. आत्ताही काही ऐकू आलं नाही आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याने तळहात टेकला. आतून, अगदी खालून, एक थाप आली. थोड्या वेळाने अजून एक, पहिलीपेक्षा मंद.

"छोट्या!"

त्याने खटका फिरवला आणि जीव खाऊन ओढलं. मी हललो नाही. माझी कड चौकटीला चिकटली होती. त्याने फटीत पटाशी घातली, ती वाकली. भुशातून वहिनीचा आवाज येत होता, "अहो, काय झालं? अहो, बोला ना!" दादाने कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलली.

याच माणसाने माझ्यावर नखाचा ओरखडा उठला म्हणून एकदा अख्खा कारखाना डोक्यावर घेतला होता. उद्या गिऱ्हाईक मला बघायला येणार होतं. मला वाटलं, क्षणभर तरी थांबेल. तो थांबला नाही. त्याने पहार माझ्या कडेत खुपसली आणि सगळं वजन टाकलं. माझं लाकूड कडकडलं, चिरफळ्या उडाल्या, आणि मी सुटलो. त्या क्षणाचा मला अजून अभिमान वाटतो.

छोट्या त्याच्या पायांवरच कोसळला. दादाने त्याला काखेत धरून फरफटत अंगणात नेलं, तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. बराच वेळ नुसता खोकला चालला होता. मग छोट्याने डोळे उघडले.

"आवाज तरी द्यायचास ना रे!" दादा ओरडला.

"दिला," छोट्या कसाबसा म्हणाला. "घसा फुटेस्तोवर दिला." मग पुन्हा खोकला. "दार पास झालं, दादा."

दादाला रडू फुटलं. एवढा दांडगा माणूस, अंगणात बसून पोरासारखा रडला. आतून वहिनी अजून ओरडत होती, "कोणीतरी बोला हो!" तेव्हा दोघांनाही फोनची आठवण झाली, आणि मग दोघेही एकदमच बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. दोघा भावांनी शेजारी उभं राहून त्यांना सगळं खरं सांगितलं. बाईंनी माझ्या फाटलेल्या कडेवर बोट फिरवलं. "हा मला चालणार नाही," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या दरवाजाला आतली मूठ आधी लावा. आणि दादा, तुम्ही तुमचे कान घेऊन या माझ्याकडे." मग भावांनी त्यांच्यासाठी नवा दरवाजा केला. त्याच्या पट्ट्या छोट्याने बसवल्या. त्याला काचेची खिडकीही आहे म्हणे, आणि लोक त्याचं फार कौतुक करतात. मी मात्र इथेच राहिलो. मला पॉलिश मिळालं नाही. माझ्या अंगावर चहाचे डाग आहेत आणि पेन्सिलीने केलेल्या बेरजा आहेत. सुरुवातीला वाईट वाटायचं. पण त्याच संध्याकाळी माझ्या आतल्या बाजूला मूठ बसली आणि दिव्याचं बटण आत गेलं. पुढच्या आठवड्यात भिंत फोडून पंखा लावला. आता त्या खोलीत छोट्या बारीक काम करतो आणि करवतीचा आवाज मी त्याच्यापर्यंत जाऊ देत नाही.

ते पुन्हा भांडले नाहीत असं समजू नका. खूप भांडले. अबोलाही धरतात, वहिनीला पुन्हा पोस्टमन व्हावं लागतं. पण माझ्यापाशी अबोला चालत नाही. मला लावण्याआधी बाहेरच्याने हाक मारायचीच आणि आतल्याने ओ द्यायचीच, मग तोंडं कितीही फुगलेली असोत.

म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. कुठलंही दार लावण्याआधी आत एकदा डोकावून हाक मारा. आणि तुम्हाला हाक आली, तर कितीही रागावलेले असलात तरी ओ द्या.

दादाचे कान आता पुरते गेले आहेत. तरी मला लावण्याआधी तो हाक मारतो, "छोट्या, आहेस का?" उत्तर त्याला ऐकू येत नाही. म्हणून तो मला लावतो, माझ्या फाटलेल्या कडेशेजारी तळहात टेकतो आणि वाट बघत उभा राहतो. आतून छोट्या दोनदा थाप मारतो. मग दादा कामाला जातो.